पिंपावरचं झाकण

दि. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

मी इकडे बरा आहे. हात-पाय जागेवर आहेत, बाकीचं तुला माहीतच आहे. अक्षर कावळ्याच्या पायांसारखं आलंय ते गोड मानून घे. सातवीनंतर पेन धरलं ते सही करायलाच. छावणीवर फोनला रेंज नाही. टेकडीवर चढलं की एक काडी येते आणि तोंड उघडलं की ती जाते, म्हणून हे पत्र.

मी नक्की काय करतो असं तू मागे विचारलं होतंस. सांगतो, पण आप्पांसमोर मोठ्याने वाचू नकोस, लगेच चुका काढतील. इथे वस्तीच्या मागे पावसाच्या पाण्याची जुनी तळी आहेत. गच्च्या, रस्ते, गाड्या लावायच्या जागा, सगळ्यांचं पाणी तिथे येतं. पूर्वी ते आलं तसं धाडकन खालच्या ओढ्यात जायचं. त्याने ओढ्याचे काठ असे खरवडून निघालेत की झाडांची मुळं लोंबतायत. आता आम्ही ती तळी सुधारतो. पोकलेनने गाळ उपसायचा, पाणी आत येतं तिथे एक लहान खड्डा करायचा म्हणजे माती-कचरा तिथेच बसतो, कडेने लव्हाळी लावायची. आणि पाणी बाहेर जातं त्या सिमेंटच्या चौकोनी पेटीच्या तोंडावर जाड पोलादी पत्रा बसवायचा. त्याला खाली एकच भोक, मुठीएवढं. पाणी तेवढ्यातूनच जाणार. फारच चढलं तर पेटीच्या डोक्यावरून जायला वाट असते. पाऊस थांबला तरी तळं दोन-तीन दिवस भरलेलं दिसतं. गाळ खाली बसतो आणि ओढ्यात निवळलेलं पाणी सावकाश उतरतं. मला आधी वाटलं, हे लोक येडे आहेत, मुद्दाम तुंबवतायत. मुकादम म्हणाला, तुझ्यासारख्याला हे कळायला वेळच लागणार, तुला स्वतःला कुठे थांबायची सवय आहे!

बोलला ते खरंय. महिनाअखेरीस बंदरावर क्रेनच्या कामाला जावं असं मनात आहे. एक मित्र बोलावतोय. चिखलाचा आता कंटाळा आला.

तुझ्या शिलाईच्या खोलीमागचा काठ कसा आहे? तुमच्या वरच्या तळ्याचंही काम झालं असं दाजी बोलले होते, म्हणून मी जरा निश्चिंत आहे. चिमीला पापा. दाजींना नमस्कार. आप्पांना सांगायचं तर सांग, नाहीतर राहू दे.

माझ्यावरची माया पातळ करू नकोस.
तुझा,
भिंगरी


दि. ४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, फोन लावला तर ती बाई सांगते संपर्क होऊ शकत नाही. आहेस ना रे त्याच कामावर, की पुन्हा फिरलास? तुला मुलगी बघायची म्हटलं तर पत्ता काय द्यायचा हाच प्रश्न. घरातून फोनवर मोकळं बोलताही येत नाही, आप्पा कान लावून बसतात. तुझ्याबद्दल विचारत नाहीत, पण फोन ठेवला की पेपरचं पान उलटायचं विसरलेले असतात.

आप्पांनी काम सोडलं पण काम त्यांना सोडत नाही. वरच्या तळ्याचं काम संपवून ती माणसं गेली. मागच्या पावसानंतर तळं तुडुंब भरलं ते दोन दिवस तसंच. शेजारपाजारचे आले आपल्या दारात, नळवाले आप्पा, तळं तुंबलंय, डास होतील, काहीतरी करा. झालं! आप्पांनी पाना आणि ती लांब सळी काढली. सगळं पाणी उतरून गेल्यावर तिथे गेले आणि परतले ते लग्न जमवून आल्यासारखे. म्हणाले, कोणा गाढवाने बाहेर जायच्या तोंडावरच पत्रा ठोकून ठेवला होता. चार बोल्ट काढले, तोंड मोकळं केलं. पुढच्या सरीला पाणी घोड्यासारखं पळालं. सगळ्या गल्लीने शाबासकी दिली. इतक्या महिन्यांनी ते पोटभर जेवले रे.

पत्रा त्यांनी घरी आणला. असं लोखंड टाकून देतात का, असं म्हणाले. आता मागच्या पाण्याच्या पिंपावर तो झाकण म्हणून बसलाय. त्याला एक भोक आहे, त्यात छपराच्या नळाचं तोंड असं बसलं की जणू माप घेऊन केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

एक काळजी मात्र आहे. शिलाईच्या खोलीच्या फरशीला केसाएवढी चीर दिसते. आधी नव्हती. ओढ्याचा आवाजही हल्ली वेगळा येतो, दगड घरंगळल्यासारखा. हे म्हणतात तू उगाच जीव खातेस. असेलही. पण चिमी तिथेच चिंध्यांच्या बाहुल्या करत बसते, म्हणून तिला आता पुढच्या खोलीत बसवते.

वेळेवर जेव. आठवण पाठव, नुसती ठेवू नकोस.
तुझी,
ताई


दि. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितोय. तुझं-माझं पत्र वाटेत एकमेकांना चुकलं. तुझं आत्ता मिळालं आणि पिंपाच्या झाकणापाशी आलो तसा घास हातातच राहिला.

ताई, ते झाकण नाही. मी आधीच्या पत्रात लिहिलेला पत्रा तोच. तो कोणा गाढवाने ठोकलेला नाही, तुझ्या घरासाठी ठोकलेला आहे. तळं तुंबलेलं नव्हतं, ते पाणी धरून होतं. आता तोंड मोकळं झालं म्हणजे सगळ्या वस्तीचं पाणी एकदम ओढ्यात येणार. आणि त्या तळ्याखाली ओढ्याचं पहिलं वळण कुठे आहे? तुझ्या मशीनमागे. दगड घरंगळल्याचा आवाज म्हणतेस ना, तो काठाचा पाया जातोय.

पत्रा ताबडतोब परत बसवायला लावा. आजच. मशीन पुढच्या खोलीत आणा. चिरेवर काचेची एक बारीक पट्टी आडवी चिकटवा, दोन्ही टोकांना सिमेंट लावून. आमचा मुकादम जुन्या भिंतींना असंच करतो. काच तडकली तर समजायचं, जागा हलते आहे, मग त्या खोलीत कोणीही पाय ठेवायचा नाही.

आप्पांना कसं सांगायचं ते तू बघ. मी सांगितलं तर म्हणतील, चार महिने चिखल काढला आणि आला मला शिकवायला. त्यांच्या हाताखालून पळून गेलेला मुलगा त्यांनी बसवलेलं काढा म्हणतोय, नाही, काढलेलं बसवा म्हणतोय. माझंच मला कळेनासं झालंय. सकाळपासून इकडच्या ढगांकडे बघून तिकडचा अंदाज बांधतोय.

उलट टपाली लिही. बाकी सगळं नंतर.
भिंगरी


दि. १३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच हातात पडली. इतके दिवस टपालच आलं नाही, कारण ज्याची तुला भीती होती तो पाऊस येऊन गेला.

घाबरू नकोस, माणसं सगळी ठीक आहेत. पण ओढा असा आला की मी जन्मात पाहिला नव्हता. हळूहळू चढला नाही, एकदम उभाच राहिला. कपडे वाळत घालायचा खांब माझ्या डोळ्यांदेखत वाकला, जणू कोणाला वाट दिली, आणि गेला. काठ आता खोलीच्या भिंतीपासून पाच-सहा पावलांवर आलाय. चिरेत बोटाचं नख जातं. ह्यांनी आणि मी मशीन स्वयंपाकघरात ओढून आणलं, आता भाकरी भाजता भाजता उसवण काढते. तू लिहिल्याप्रमाणे काच मात्र लगेच लावली.

आप्पांना तोंडाने सांगायचं माझ्याने होईना. सबंध गल्लीने ज्यांची पाठ थोपटली, त्यांना काय सांगू? दोन्ही पत्रं त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली आणि मी मुद्दाम भांडी घासत बसले. ओठ हलवत त्यांनी दोनदा वाचली. चहा समोर गार झाला. मग उठले, छपराचा नळ बाजूला केला, पत्रा पिंपावरून काढून खांद्यावर घेतला, पाना घेतला आणि निघाले. मी म्हटलं, पाऊस आहे, हे बेकरीतून येऊ देत, दोघं जा. म्हणाले, काढताना दोघं नव्हतो.

त्याला आता बराच वेळ झाला. हे आल्या आल्या त्यांच्या मागे गेलेत. दोघांपैकी कोणीही अजून आलेलं नाही. सकाळचाच पोस्टमन परतीच्या वाटेवर पुन्हा दारात उभा आहे, आज दिलं नाही तर पत्र सोमवारपर्यंत पडून राहील, म्हणून असंच देते. आले की पुन्हा लिहीन.

तुझी,
ताई


दि. १७ ऑगस्ट

ती. आप्पांस,
शि. सा. न.

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. ताईचं पत्र मिळालं. तुम्ही पत्रा घेऊन गेलात, एवढंच त्यात आहे. पुढचं काहीच नाही.

आप्पा, ताईला लिहिताना मी घाई केली. पत्रा आजच बसवा असं लिहिलं, पण तळं भरलेलं असताना बसवू नका हे लिहायचं राहिलं. त्या तोंडाशी पाण्याला ओढ असते. वरून काही दिसत नाही, पाण्यावर तरंगही उठत नाही, पण पाय गेला की मागे येत नाही. आमच्या इथे एका गड्याचा बूट असाच आत गेला. गडी सुटला तो कमरेला दोर होता म्हणून. मला हे रोज दिसतं, आणि नेमकं तेच लिहायचं विसरलो. तुम्ही मला भिंगरी नाव ठेवलंत ते उगाच नाही.

टेकडीवर तीनदा जाऊन आलो. फोन लागत नाही. मुकादमाकडे रजा मागितली, तो जा म्हणाला, पण काल रात्री पूल वाहून गेल्याने गाड्याच बंद आहेत. बंदरावरच्या मित्रालाही काही कळवलेलं नाही. कुठे जायचं तेच सुचत नाही. काम करतो, पत्रे बसवतो, आणि प्रत्येक भोकात हात घालून बघतो की ओढ किती आहे.

हे पत्र तुमच्या हाताने फोडा, एवढंच मागणं आहे.
आपला,
धाकटा


दि. २३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र मीच फोडलं. मी जिवंत आहे, म्हणूनच लिहितोय. आम्ही परतलो ते ताईने लगेच कळवलं होतं, ते पत्र पुलापाशी अडकलं असेल.

तू मला इतका खुळा समजतोस का? जन्मभर नळजोडणी केली. चालू पाण्यात हात घालू नये हे मी तुला पाना हातात देण्याआधी शिकवलं होतं, तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. तळ्यावर गेलो, पाणी पेटीच्या गळ्याशी होतं. मग काठावर पत्रा टेकवला आणि त्याच्यावर बसून राहिलो. जावई आले, तेही शेजारी बसले. पाणी तळाला जाईपर्यंत बसलो. ताईने तोवर गल्लीभर आमची विचारपूस केली, त्याबद्दल बोलणी खाल्ली. बोल्ट दोन जुने बसले, दोन नवे घालावे लागले.

परवा पुन्हा मोठी सर आली. तळं लव्हाळ्यांपर्यंत भरलं. ओढा घोट्याएवढा चढला आणि तेवढाच राहिला. दगडांचा आवाज नाही. मी बघत होतो. खोटं कशाला सांगू, भरलेलं तळं बघून हात शिवशिवत होते. लोक पुन्हा दारात आले, आप्पा तुंबलंय. त्यांना सांगितलं, तुंबलेलं नाही, थांबलेलं आहे. दोघा-तिघांना पटलं. बाकीचे म्हणतात, आप्पा म्हातारे झाले. म्हणू देत.

काठ गेला तो गेला. नगरपालिकेच्या माणसाला आणून दाखवला, दगड टाकून देतो म्हणालाय, टाकेल तेव्हा खरं. ती खोली बंदच ठेवली आहे. काचेची पट्टी रोज चहाच्या आधी बघतो. आज सकाळपर्यंत शाबूत होती. उद्याचं उद्या.

आता एक विचारायचं आहे. त्या भोकावर पानं येऊन बसतात. मी जाळी लावली तर जाळीवर बसतात. पानं अडकून भोक बंद झालं तर पाणी वरून जाईल, आणि सळी घातली तर मीच पुन्हा तोंड मोठं करेन, याची मला भीती वाटते. तुम्ही लोक तिथे काय करता? जाळी उभी लावता की तिरकी? किती लांब? नीट बघून, मुकादमाला विचारून, चित्र काढून पाठव. ते कळेपर्यंत बंदरावर जाऊ नकोस. त्यानंतरचं तुझं तू ठरव.

आभाळ भरून आलंय. पुढचं लिहीत बसत नाही, तळ्यावर जाऊन बसायचं आहे. सळी घरीच ठेवून जातो.

तुझा,
आप्पा