भिंतीवरून गेलेली वायर

१७ एप्रिल २०१६, रविवार

टीव्हीमागं ठिणगी पडली! मी जेवायला बसलेलो. फट्ट आवाज, जळका वास, टीव्ही बंद. जगदेवी म्हणाली, "किती दिवस सांगून राहिले, त्या वायरी नीट करा. एक दिवस घर पेटंल." घरात काही बी होऊ दे, आमच्या बायकोनं ते आधीच सांगितलेलं असतं!

मागं वाकून बघितलं. बाप रे! डिशची वायर, टेपची वायर (टेप मोडीत देऊन जमाना झाला), बारीक पिनचे चार्जर, जाड पिनचे चार्जर. एक चार्जर कुठल्या मोबाइलचा हे तर कुणालाच सांगता येईना. एका बोर्डात दुसरा बोर्ड, दुसऱ्यात तिसरा. मुंग्यांनी तिथंच संसार थाटलाय. आन हे सगळं जंजाळ दाराखालून अव्वाच्या, माझ्या आईच्या खोलीत शिरलंय.

रोज थोडं थोडं सोडवायचं ठरवलं. दुकानात तसं बी काय काम हाय? भांड्यांत यंदा खपतात त्या फक्त घागरी. पाणी न्हाई त्या साली घागरी जास्त खपतात, हे आमच्या धंद्याचं नवल!

१८ एप्रिल

चार्जर वेगळे केले. बारीक पिन एका डब्यात, जाड पिन दुसऱ्यात. वायरींची वेटोळी करून सुतळीनं बांधली. जरा बरं दिसून राहिलं.

अव्वाच्या मशीनला मात्र हात लावला न्हाई. अव्वा न्हाणीत पडली तवापासून खाटेवरच हाय. पाठीला जखमा झाल्या म्हणून डॉक्टरनं हवेची गादी दिली, तिला हवा भरणारं मशीन. डॉक्टरनं बजावून सांगितलं, "गादीतली हवा गेली की जखमा पुन्हा उघडणार. मशीन बंद पडू देऊ नका." आन आमच्या गल्लीत लाइट तर रोज दुपारी जातीच! म्हणून मी मशीनपुरतं इन्व्हर्टर आणलं. अव्वाच्या खाटेखाली ठेवलंय. आजवर एकदा बी दगा दिला न्हाई. लाइट गेली तरी घुर्र घुर्र चालूच. माल बघून घेतला की असं असतं.

मधी जगदेवी मागं लागली व्हती. बॅटरीत पाणी टाका, बॅटरीत पाणी टाका. म्हणलं, इथं माणसाला न्हाई पाणी, बॅटरीला कुठलं आणू! हसली न्हाई. बाईला विनोद कळत न्हाई.

२० एप्रिल

एक काळी वायर सापडली. तिचं दुसरं टोकच लागंना! बोर्डापासून धरत धरत गेलो. कपाटामागून वर, खिडकीच्या भोकातून बाहेर. मागं जाऊन बघतो तर भिंतीवरून सरळ केवळाबाईच्या घरात गेली!

केवळाबाई म्हणजे मागच्या गल्लीतली, भिंतीला भिंत. नवरा भुजंग दाल मिलमधी हमाली करतो. दोघं सकाळ-संध्याकाळ आमच्या बोअरच्या नळाला घागर लावतात. तिकडं लातुराला रेल्वेनं पाणी आणून राहिले, आन मी यांना नळ मोकळा ठेवलाय. हे मात्र माझ्याच घरातून करंट ओढून राहिले! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं!

आज काही बोललो न्हाई. आधी पक्कं बघायचं, मग धरायचं.

२१ एप्रिल

जगदेवीला आडून विचारलं. "केवळाबाईकडं लाइट कधी जात न्हाई, हाव ना?" ती पीठ मळत व्हती, वर बघितलं न्हाई. म्हणाली, "त्यांची गल्ली दवाखान्याच्या लाइनवर हाय. जातच न्हाई त्यांची."

लाइट जात न्हाई, पण बिल तर येतं! ते वाचवायला माझी वायर. मला काय कळत न्हाई?

हॉटेलात संगप्पा भेटला. त्याचं तेच पालुपद. उदगीर जिल्हा होणार, जिल्हा झाला की लाइटचे हाल संपणार, पाणी येणार. म्हणलं, जिल्हा होऊ दे बाबा, चोर बी तालुक्याचे जिल्ह्याचे होतील! सगळे हसले. मला हसू आलं न्हाई.

२२ एप्रिल

जगदेवी आन केवळाबाई भिंतीपाशी कुजबुजत व्हत्या. मी खाकरलो. गप्प!

२३ एप्रिल

आता डोक्यात लख्ख उजेड पडला. वायर आपोआप भिंत चढून जाती काय? घरातूनच कुणीतरी सोडली. मी दिवसभर दुकानात. घरात अव्वा, ती खाटेवरून उठत न्हाई. राहिलं कोण?

जगदेवीचा जीव लवकर विरघळतो. केवळाबाई रडली असंल, हिनं दिला असंल करंट. दिला तर दिला, मला सांगायचं न्हाई? पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्यापासून चोरून वायर! जेवलो न्हाई. विचारलं सुदिक न्हाई तिनं, का जेवत न्हाई म्हणून.

२४ एप्रिल, रविवार

जगदेवी निलंग्याला गेली, भाचीच्या कुंकवाला, म्हणजे साखरपुड्याला. जाताना म्हणाली, "परवा दिवसभर तिथंच, तेरवा येते. दुपारी केवळाबाई अव्वाकडं बघून जाईल. आन हे बघा, मी येईस्तोवर त्या कोपऱ्याला हात लावू नका. अजिबात!"

का लावू नये? माझं घर, माझा कोपरा! एवढं निक्षून सांगितलं म्हणजे पाणी मुरतंय.

२५ एप्रिल

तोडली!

मेन स्विच बंद केला. मी काय अडाणी न्हाई. पक्कड लावली आन दाबली. फाट्! केवढी ठिणगी! पक्कडीचं तोंड काळं पडलं. मेन बंद, तरी करंट? मग कळलं. इन्व्हर्टरचा! म्हणजे हे लोक माझं इन्व्हर्टर बी पिऊन राहिले. बरं झालं तोडली ते.

अव्वाचं मशीन त्याच बोर्डावर व्हतं, ते थांबलं. लगेच मेन चालू केला आन मशीन सरळ इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावलं. मधलं झंझटच नको. घुर्र घुर्र सुरू! वायरीचा उरलेला तुकडा भिंतीपलीकडं फेकून दिला.

मग बोअरच्या नळाला कुलूप घातलं. केवळाबाई घागर घेऊन आली, कुलूप बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी पेपर वाचून राहिलो. गेली. घागर रिकामीच. चोराला तोंड कुठं असतं?

कोपरा आता कसा आरशावानी हाय. एक वायर लोंबत न्हाई.

२६ एप्रिल

जे झालं ते लिहितो.

सकाळी अव्वाला पेज पाजली, पुढच्या दाराला कुलूप लावून दुकानात गेलो. केवळाबाईला काही सांगितलं न्हाई. तिला कशाला सांगायचं? दुपारी दुकानातली लाइट गेली. घरी इन्व्हर्टर हाय, बिनघोर बसलो. गिऱ्हाईक आलं, त्यात वेळ गेला.

घरी आलो तर पुढचं कुलूप जसंच्या तसं, पण मागचं दार सताड उघडं! आन आत केवळाबाई, अव्वाच्या खाटेवर बसलेली! माझा तोल गेला. "करंट नेला, पाणी नेलं, आता घरात शिरलीस? लाज हाय का काही?" आणखी बी लई बोललो. ते लिहवत न्हाई.

ती हलली न्हाई. अव्वाला कुशीवर करून पोटाशी धरलेलं. म्हणाली, "आप्पा, हळू. म्हातारीचा आत्ता डोळा लागला."

मग मला कळलं की मशीनचा आवाजच येईना.

"लाइट गेली तशी मशीन थांबली," ती म्हणाली. "मला तिकडं ऐकू यायचं बंद झालं. लई हाका मारल्या. मग भिंतीवरून उतरले, मागच्या दाराची कडी हलवून काढली. गादी पार बसली व्हती, खालची फळी पाठीला लागून राहिली. तवापासून कूस पालटून पालटून धरते. पण तोवर..." चादरीवर डाग व्हता. लाल.

मी म्हणलं, इन्व्हर्टर हाय की! ती माझ्याकडं बघतच राहिली. "ते तर शिवरातीच्या आधीच मेलं, आप्पा. वैनी बोलल्या न्हाईत? म्हणून तर आमच्या बोर्डावरून वायर टाकली. आमची लाइट जात न्हाई, म्हणलं म्हातारीचं तरी चालंल."

खाटेखाली हात घातला. बॅटरीचं टोपण काढलं. कोरडी ठाक. तळात पांढरी भुकटी.

वायर तिकडं गेली, तिकडं गेली म्हणून मी लिहून राहिलो. तिकडून आली असंल, असं एकदा बी डोक्यात आलं न्हाई. मेन बंद असताना ठिणगी उडाली तवा बी न्हाई!

अव्वा जागी झाली. "नीरू," म्हणाली. कन्नडच बोलती अलीकडं, पाणी मागून राहिली. मी उठायच्या आधी केवळाबाईनं तांब्या तोंडाला लावला. तांब्या तिच्या घरचा व्हता. कालपासून नळाला माझं कुलूप, त्यांच्या घागरीत असंल तरी किती!

संध्याकाळी भुजंग आला. वायर जोडली, काळी पट्टी गुंडाळली. मशीन सुरू झालं. मी म्हणलं, चहा घे. "नको आप्पा, मिलवर जायचंय." माफ कर म्हणायचं व्हतं.

२७ एप्रिल

जगदेवी आली. डॉक्टर येऊन गेला. जुनी जखम उघडली, पार हाडापर्यंत. मलमपट्टी रोज करायची. पुढचं बघू म्हणाला.

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. भांडली न्हाई. एवढंच म्हणाली, "सांगितलं असतं तर घेतली असती का हमालाच्या घरची वायर? मी कुणाचं घेत न्हाई म्हणून छाती काढून बसला असता. म्हातारी फळीवर."

बसलो असतो. खरं हाय.

२८ एप्रिल

नळाचं कुलूप पहाटेच काढलं. दुकानात गेलो न्हाई, ओट्यावर बसून राहिलो. सांज झाली. घागर घेऊन कुणी आलं न्हाई. आत मशीन घुर्र घुर्र करून राहिलं, त्यांच्याच करंटवर.