तुझ्या बकरीची सावली

धाकटे बये,

थोरलीचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझा खोकला गेला का?

नातीबरोबर मीही चित्रकलेच्या वर्गात जाते. चार गोष्टी शिकले आणि मला शिंगं फुटली. तू काढून दिलेलं बकरीचं चित्र वर्गात नेऊन म्हणाले, "बघा, ऊनही डावीकडून आणि सावलीही डावीकडेच!" सगळे हसले, मीही दात काढले.

घरी ते परत भिंतीला लावलं, तर बघवेना. पूर्वी त्यात आपली बकरी दिसायची, आता नुसती चूक दिसते. लाज वाटली गं.

लिहून घेणारी नात म्हणते, "आजी, हे कशाला कळवायचं?" म्हटलं, "लिही मुकाट्याने."

हवं तेवढं रागाव, पण एक मांजर काढून पाठव. सावली कुठेही पाड. मी आधी मांजर बघेन.

तुझी आगाऊ,
अक्का