रसात पाणी नव्हतं

आये,

तुझ्या आंब्याच्या रसात पाणी नव्हतं. हे कळायला मला सहा वर्षं लागली, आणि तू तर दुसऱ्याच वर्षी गेलीस.

मालवणातली आंब्याचा रस डबाबंद करायची ती शेड, आणि कढईपाशी तू. मे महिन्यात मी कॉलेजातून आगबोटीने घरी आलो, त्या आठवड्यातल्या आंब्यांना देठाकडे बुरशी होती. "ह्ये आंबे बाजूक काढा," असं तू मालकांना दोनदा सांगितलंस. त्यांनी ऐकलं नाही. रस काढला, पण चुलीच्या लाकडांची गाडी आली नाही म्हणून तो दुसऱ्या दिवसापर्यंत पिंपात पडून राहिला. तू ढवळायला डाव घातलास, तर रस पाण्यासारखा ओघळतोय. मालक सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "रस घराक नेलंस आणि हयसर पाणी घातलंस." तू म्हणालीस, "थेंबय घालूक नाय. माझो झील सायन्स शिकता, तेका इचारा." मला बोलावलं. मी डाव उचलून एकदाच पाहिलं आणि म्हणालो, "पाण्याशिवाय इतको पातळ जावचो नाय." तू माझ्याकडे पाहतेस. पदराला हात पुसतेस आणि चालू लागतेस.

मग कुठल्याच शेडवर तुला काम मिळालं नाही. चिऱ्यांच्या खाणीवर दगड वाहिलेस, तापाने गेलीस. त्या दिवसाबद्दल एकदाही बोलली नाहीस. मला जेवायला वाढत राहिलीस.

पुढे मी मुंबईत सरबतांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. रसाला दाटपणा येतो तो पेक्टिनमुळे, आणि बुरशी जे एन्झाइम सोडते ते हे पेक्टिनच तोडतं. सरबत नितळ व्हावं म्हणून आम्ही त्याच एन्झाइमची पूड मुद्दाम घालायचो. पहिल्यांदा घातली त्या दुपारी दाट रस माझ्या डोळ्यांदेखत सैल पडला. पाण्याचा थेंब नाही. साहेब विचारतात, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

रजा टाकून मालवणला आलो. मालक वारले होते. तुझ्यासोबत कढईवर असलेल्या एका बाईला गाठून, तिचे हात धरून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगान काय करतलंस, बाबा? ती गेली मां." बंदरावर जाऊन तुला मोठ्याने सांगितलं. पुन्हा सांगितलं. जाळी विणणारे बघत राहिले.

ताई अजून म्हणते, "आयेन एकदाच चूक केल्यान." मी तिला खरं सांगितलेलं नाही. सांगायचं तर मी काय बोललो तेही सांगावं लागेल. ती तेव्हा सासरी होती. त्या दिवशी शेडवर मला विचारलं होतं, हे तिला माहीत नाही.