डाव्या दाराचं हँडल

ताई,

जुन्या गाड्यांच्या आपल्या मंडळात नियम मीच केला होता: चूक दिसली तर मालकाला बाजूला घेऊन सांगायची. तरी तू बाबांची गाडी पहिल्यांदा मेळाव्यात आणलीस, तेव्हा चारचौघांत मीच अक्कल पाजळली, "डाव्या दाराचं हँडल भलत्याच मॉडेलचं आहे!" सगळे हसले. तू नुसतं "असेल रे" म्हणालीस, आणि पुन्हा मेळाव्याला फिरकली नाहीस.

काल बाबांच्या हत्यारपेटीत मूळ हँडल सापडलं, मोडलेलं. तेव्हा आठवलं. लहानपणी लोंबकळून मीच ते मोडलं होतं, आणि "माझ्या हातून मोडलं" म्हणत बाबांचा ओरडा तू खाल्ला होतास.

तुला तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र पेटीतच ठेवतोय. माझी चूक तू मला बाजूला घेऊनसुद्धा कधी सांगितली नाहीस गं.

तुझा,
मंडळातला जाणकार