उजव्या खांद्यावरचा पदर

कात्रज, पुणे
१४ ऑक्टोबर १९९९

प्रिय पूर्णिमा,

तू येरवड्याला भावाकडे गेलीस त्याला सात महिने झाले. परत ये, असं लिहायला बसलो की कागद फाडतो. आज तीन फाडले. मन थाऱ्यावर नाही, म्हणून आधी कामाचंच सांगतो.

रंगरावशेठनी दुकानाची दिवाळीची पैठणीची जाहिरात मलाच रंगवायला दिली. फ्लेक्सवाले दिवसाला दहा बायका छापून देतात, तरीही. माझी रीत तुला ठाऊक आहे. साडी विकायची तर स्वप्न दाखवायचं. नळातून वाहणारी इरकल, मंडईच्या छपरावर वाळत घातलेलं जरीकाठी आकाश. बाई आलीच तर डोक्याच्या जागी कोबीचा गड्डा. लोक थांबून बघायचे, शेठ खूश. त्या कोबीखाली तासन्‌तास साडी नेसून तू उभी असायचीस. शेवटी एकदा म्हणालीस, अहो, आता कोबीच उभा करा, तो दमत नाही. मी हसलो. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

या खेपेला शेठना चेहरा हवा होता. टीव्ही बघून गिऱ्हाईक बदललंय म्हणे. मी पहिल्यांदाच तुझा चेहरा काढला, आठवणीतून, झपाटल्यासारखा. बोर्ड लक्ष्मी रोडवर चढला आणि तासाभरात बायका हसायला लागल्या. पदर उजव्या खांद्यावर. गुजराती पद्धत म्हणावी, तर निऱ्याही उलट्या. शेठ म्हणाले, दिगंबरराव, तुमची स्वप्नं चालवून घेतली, पण बाईला निदान साडी नेसता यावी. सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर फ्लेक्स लावतो. बोर्ड उतरवून शेडमध्ये आणला.

वीस वर्षं साड्या रंगवणाऱ्याची ही चूक. दोन दिवस शेडमध्ये नुसत्या येरझाऱ्या घातल्या. काल दाढी करताना उमगलं. सकाळी तू आरशात बघून पदर लावायचीस आणि मी मागे चहा घेत बसायचो. तुला मी पाहिलं ते तेवढंच, आरशात, उलटं. समोर उभी असायचीस तेव्हा साडीच बघत होतो. फार लाज वाटली, पूर्णिमा.

पदर आज दुपारी फिरवला, निऱ्याही. ओठाजवळचा तीळ मात्र पुसून ठेवलाय. उजवं-डावं करून त्याची जागा काढता येईल, पण तशी काढायची नाही. शेठना सांगून आलो, फ्लेक्स लावा, हा बोर्ड सोमवारपर्यंत पुरा होणार नाही. आता तू ये. या वेळी उभं राहायचं नाही, समोर बसायचं, आणि मला बघू द्यायचं. नाही म्हणायचं असेल, तर तेही समोर येऊनच म्हण.

वाट बघणारा, तुझाच
दिगंबर