एका दाराला दोन पहारेकरी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला प्रत्यक्ष भेटीत). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींना कानाचं यंत्र बसवल्याचं कळलं. म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागे उभं राहून जे बोलायचीस, ते आता जपून बोल. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या भावजयीच्या गळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, हे तुला माहीत आहेच. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. दोन खोल्यांच्या घरात मी फोनवर खोकलो तरी हिला कळतं, आणि हा मजकूर तिच्या कानावर जायला नको आहे. वाचून झालं की फाडून टाक (फाडण्याआधी ताजा कलम वाच, तू तो कधी वाचत नाहीस).

तर विषय कॉम्प्युटरचा. डॉक्टरांनी सांगितलं की आवाज राहील, पण हाच आवाज राहील याची खात्री देता येत नाही. त्यावर ही रडली नाही, चिडली नाही. घरी आली, हातपाय धुतले, आतल्या खोलीचं दार लावून कॉम्प्युटरसमोर बसली आणि लेकीच्या पोटात जे कोण आहे त्याच्यासाठी गोष्टी सांगून त्यात साठवायला लागली. रोज दुपारी एक गोष्ट. माझ्याकडे काम एकच, त्या वेळात घरात आवाज करायचा नाही (हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आपलं घर किती करकरतं ते गप्प बसायचं ठरवल्याशिवाय कळत नाही). आणि नेमकी याच सुमारास पडद्यावर लाल पाटी झळकू लागली, की तुमच्या अँटीव्हायरसची मुदत संपत आहे, तुमच्या फायली धोक्यात आहेत. दुकानदाराने मशीनबरोबर फुकट दिलेला पहारेकरी तो, फुकटाचे दिवस सरताच गुरगुरायला लागला.

तुझ्या चिरंजिवांनी मशीन बसवतानाच बजावलं होतं, की मामा, मुदत संपली की तो काढून टाका, मशीनचा स्वतःचा एक असतो तो पुरेसा आहे, अपडेट मागेल तेव्हा द्या आणि बाकी कशाला हात लावू नका. आता तूच सांग ताई, ज्याचा जन्म लोकांची कुलपं उघडण्यात आणि बसवण्यात गेला, त्याला पहाऱ्याच्या बाबतीत हात लावू नका म्हणायचं? मी जावयांपासून सावकारांपर्यंत सगळ्यांच्या दारांना कुलपं घातली आहेत. घरचा फुकट पहारेकरी म्हणजे घरचा फुकट कुत्रा, ओळखीच्या चोरावर शेपूट हलवणारा, असं माझं मत. तेव्हा मी ठरवलं, की हिच्या गोष्टींना असा बंदोबस्त करायचा की वारासुद्धा विचारून आत येईल. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

चौकशीला बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हिरव्या ढालीचा अँटीव्हायरस सांगितला. त्याच्या मते बाकी सगळे म्हणजे नुसत्या साखरेच्या गोळ्या. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी निळ्या ढालीचा सांगितला आणि हिरव्याचं नाव काढताच चष्मा काढून पुसला (हेडमास्तर चष्मा पुसू लागले की समोरचा नापास असतो). दोघांशीही रोजचा संबंध. एकाचं ऐकावं तर दुसरा नाराज. शिवाय दाराला दोन कुलपं लावलेली बरी हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो, ते घरी खोटं कसं पाडू? मी दोन्ही घेतले. हिरव्यामध्ये एक तिजोरी होती. महत्त्वाच्या फायली आत टाका, पासवर्ड लावा, मग ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही. मी हिचा गोष्टींचा सगळा फोल्डर उचलून त्या तिजोरीत घातला, पासवर्ड लावला, आणि समाधानाने चहा टाकला.

चहाला उकळी फुटेपर्यंत आत युद्ध पेटलं होतं. हिरवा म्हणे निळा संशयास्पद, निळा म्हणे हिरवा चोर. मशीन इतकं हळू झालं की एक अक्षर दाबून मी दाढी करून आलो असतो. पडद्यावर एकामागून एक पाट्या, प्रत्येकीवर हो किंवा नाही. मी कुलूपवाला माणूस, हो म्हणण्याची सवय. मी हो म्हटलं. निळ्याने हिरव्याला धरला, पोत्यात घातला आणि कळवलं, अभिनंदन, आपण सुरक्षित आहात. तिजोरी जागच्या जागी होती. ती उघडणारा पोत्यात होता. पासवर्ड माझ्या हातात होता, पण तो विचारायलाच कोणी उरलं नव्हतं.

ताई, मी हातातला कप तसाच खाली ठेवला. गोष्टी पुन्हा सांगता आल्या असत्या म्हणशील. पण तिचा आवाज संध्याकाळपर्यंत बसायला लागला होता, दिवस हाताच्या बोटांवर आले होते, आणि मी त्या गोष्टी कुलपात घालून बसलो हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तिने बाहेरून विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, पहारा. ती म्हणाली, "आपल्याकडे आहे काय चोरायला?"

पण मी हटलो नाही. रात्री उशिरापर्यंत त्या खुर्चीत बसलो आणि बसल्या बसल्या मला माझ्या उमेदवारीतली एक भानगड आठवली. एका नवराबायकोची किल्ली हरवली. नवऱ्याने मला बोलावलं, आणि त्याला न सांगता बायकोने दुसऱ्या कुलूपवाल्याला. जिना अंधारा. मी वर पोचतो तो एक इसम कुलपात तार घालून बसलेला. मी त्याची मान धरली. त्याने माझ्या हातातली हत्यारं बघितली आणि माझी धरली. शेजाऱ्यांनी दोघांनाही जिन्याखालच्या खोपटात कोंडलं. नवराबायको आले तेव्हा दार बंदच, आणि दार उघडणारे दोघेही आत! शेवटी मला घरी पाठवलं, मग त्याने दार उघडलं. इथेही तेच झालं होतं. पहारेकरी काय करतो? घरभर फिरतो, कपाटं उघडतो, पेट्या हुंगतो. चोरही तेच करतो. दोघांपैकी एकाने घरी जायला हवं होतं.

मी निळ्याला निरोप दिला. त्याच्याकडून आधी हिरव्याला पोत्यातून सोडवून घेतलं, मग त्याला काढला. जाताना त्याने तीनदा विचारलं, खरंच जाऊ का, का जाऊ, काही चुकलं का (उंबऱ्यात चप्पल घालून अर्धा तास बोलणारे पाहुणे परवडले). मशीन बंद करून चालू केलं. हिरव्याने पासवर्ड विचारला. तिजोरी उघडली. सगळ्या गोष्टी होत्या. गोष्टी बाहेर काढल्या आणि त्याच बैठकीत हिरव्यालाही नारळ दिला. आता घरचा एकटाच पहाऱ्यावर आहे. अपडेट मागतो, मी देतो. हा निर्णय मी स्वतंत्रपणे, पूर्ण अभ्यासान्ती घेतला आहे.

ही तपासणीसाठी दवाखान्यात गेली तेव्हा एक गोष्ट लावून बघितली, फाईल धड आहे ना एवढ्यासाठी. कोल्हा दारापर्यंत आला होता, आणि मागून कोणीतरी ओरडलं, अगं माझा चष्मा कुठाय! ही न अडखळता म्हणाली, "हे तुझे आजोबा. चष्मा त्यांच्या कपाळावर आहे. तर कोल्हा म्हणाला..." फाईल धड होती. पुन्हा लावली, तेव्हाही धड होती.

कळावे. भावोजींना नमस्कार, तो यंत्र कानात असताना सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. यातलं एक अक्षरही चिरंजिवांना कळता कामा नये. विशेषतः घरच्या पहारेकऱ्याबद्दलचं.

ता. क. दुसरा. ऑपरेशनच्या आधी एकदा त्याला इकडे पाठव. सहज आलो म्हणावं. गोष्टींची प्रत पेनड्राइव्हवर काढून लेकीला पाठवायची आहे, आणि त्या फोल्डरला आता माझा हात लागायला नको.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी लिहिलं. त्याला दोन पेनड्राइव्ह आणायला सांग. दुसरा मला हवा आहे. डॉक्टर चांगले आहेत, सगळं नीट होईल, पण मला हाच आवाज हवा आहे, चष्म्यासकट. हिला कळू देऊ नकोस, ती घाबरेल, की मी घाबरलोय. दुसरा कशाला असं त्याने विचारलंच, तर सांग की मामाची धंद्यातली सवय आहे, एका किल्लीच्या नेहमी दोन करून ठेवतो. तो विश्वास ठेवेल. तू ठेवू नकोस.