वॉम्बॅटचं पिल्लू पाडून जिंकलो

सावळारामराव, मु. कन्हेरी,

वरकुट्याहून तुमचा व्याही गेणबा याचा हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? प्रयागबाईंचा खोकला गेला का? (इकडे आमची दगडाबाई बरी आहे. माझं शेवटी सांगतो.)

भिगवणला मासे खाताना तुम्ही म्हणालात, "गेणबाराव, तुमी चौथी शिकलेलं. नातीसंगं स्टेजवर गेला तर पोरीची फजिती व्हईल." तेव्हापासून मला घास गोड लागेना. स्पर्धा आजोबा-नातवंडांची, आपल्या नातीने, संस्कृतीने, विषय घेतला ऑस्ट्रेलियातल्या दोन पिशवीवाल्या प्राण्यांचा, आणि जोडीला निवडलं मला! तर ऐका, काल बारामतीत आमचा पहिला नंबर आला.

एक प्राणी तांबडा कांगारू. तो रग्गड आहे, त्याची काळजी नको. दुसरा उत्तरेकडचा केसाळ नाकाचा वॉम्बॅट, डुकराएवढा (डुक्कर म्हटलेलं पोरीला खपत नाही), बिळात राहणारा. त्याच्या चरायच्या रानात गुरं-मेंढरं शिरली, दुष्काळ पडले, रानकुत्री मागे लागली. जगात तीनचारशेच उरलेत, नामशेष व्हायच्या अगदी काठावर. (आता मला त्यांचाही घोर लागलाय.)

पिशवी दाखवायला, भेंडी तोडताना बायका बांधतात तशी मी उपरण्याची ओटी बांधली आणि आत पिल्लू म्हणून धाकट्या छकुलीची बाहुली ठेवली. कांगारूची उडी मारली, टाळ्या पडल्या. मग वॉम्बॅट होऊन वाकलो आणि घमेल्यात नेलेली शेतातली माती दोन्ही हातांनी उकरली. सगळी ओटीत! बाहुली पुरली गेली. वॉम्बॅटची पिशवी मागे उघडते हे पोरीने बजावलं होतं, पण हाताला सवय पुढच्या ओटीची. लोक हसले. "आबा, ओटीचं तोंड मागं फिरवा की!" संस्कृती ओरडली. फिरवलं, पुन्हा उकरलं, तर ओटीत मातीचा कण नाही! परीक्षकबाई म्हणाल्या, पिशवीचं तोंड मागे का असतं हे आज खरं कळलं. त्या आनंदात मी ताठ उभा राहिलो आणि बाहुली थेट खाली.

"आबा, आधीच तीनचारशे हायती, त्यातलं बी एक पाडलं तुमी!"

सभागृह खदखदून हसलं, मग एकदम गप्प झालं. नंबर तिथेच ठरला.

तुमचा, फजिती न झालेला,
गेणबा

ता. क. पुढची फेरी पुण्याला आहे.

ता. क. दुसरा. त्या उडीपासून कंबर धरली आहे, हे पालथं पडून लिहितोय. वॉम्बॅट जमेल, वाकलेलाच आहे. उडी जमणार नाही. दोन्ही आजोबा चालतात, पोरीने विचारून घेतलंय. तेव्हा कांगारू तुम्ही व्हायचं. गुडघ्याची चौकशी उगीच केली नव्हती.